गोठ्यातली विलीज: आधी खोलायची की आधी चालवायची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

कराड तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, एका शिक्षणसंस्थेत लेखापाल. वडिलांनी सत्तरच्या दशकात सरकारी लिलावातून 1962 ची महिंद्रा विलीज स्टेशन वॅगन, म्हणजे बंद बॉडीची जीप घेतली, फोर व्हील ड्राइव्हवाली. आता ती बरीच वर्षं गोठ्यालगतच्या छपरात उभी आहे. तळाचा पत्रा गंजून जाळी झालाय, दारं खाली ओघळलीत, ब्रेक आवळून बसलेत. वडिलांनी 1980 च्या सुमारास तिचं पेट्रोल इंजिन उतरवून मॅटाडोरचं डिझेल बसवलं होतं. मूळ इंजिन कडब्याच्या मागे पडून आहे. वडील आता नाहीत, आरसी अजून त्यांच्याच नावावर. दिवाळीच्या सुट्टीत गाडी नटबोल्टपर्यंत खोलायची आणि घरीच, एकट्यानं, ‘कारखान्यातून निघाली तशी’ करायची, असा यांचा बेत आहे. धाकटा भाऊ म्हणतो, भंगारात द्या, पंधरा वर्षांवरच्या गाड्या सरकार मोडीत काढतंच आहे. डिप्लोमाला असलेल्या मुलाला मोठे टायर लावून ती डोंगरात न्यायची आहे. पत्नी विचारते, पैसे किती जाणार. आणि यांचा आम्हाला प्रश्न: ‘मला हे जमेल का, आणि सुरुवात कुठून करू?’

---

सप्रेम नमस्कार,

जमेल की नाही याचं उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. विहिरीवरची मोटर तुम्ही स्वतः खोलता आणि मोटरसायकलचं काम घरीच करता, असं पत्रात आहे. तेवढा हात बसलेल्या माणसाला या गाडीचं निम्म्याहून जास्त काम घरी जमतं. उरलेलं बाहेर द्यावं लागतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

मला खटकलं ते वेगळंच. खोलण्याबद्दल तुम्ही चार पानं लिहिलीत. तयार झालेली गाडी पुढे काय करणार, याबद्दल एक ओळ नाही. लग्नाच्या वरातीत जाणार, व्हिंटेज रॅलीत उभी राहणार, की रविवारी शेतावर जाऊन येणार? यातल्या प्रत्येकीचं इंजिन वेगळं, कागद वेगळे आणि खर्चही वेगळा. पहिला पान्हा लावण्याआधी एवढं ठरवा.

‘कारखान्यातून निघाली तशी’ या तुमच्या इच्छेकडेही जरा नीट बघू. लिलावाआधीची, पेट्रोलवर चालणारी ती गाडी तुम्ही फारशी पाहिलेलीच नाही. मागच्या बाकावर बसून तुम्ही बाजाराला गेलात, वडिलांनी आजारी आजीला मिरजेला नेलं, ती गाडी डिझेलची होती. मॅटाडोरचं इंजिन बसवण्यामागे वडिलांचा हिशोब सरळ होता: पेट्रोल परवडत नव्हतं. त्या काळात शेकडो जीपमालकांनी हेच केलं. ते इंजिन काढून टाकलंत तर गाडी 1962 ची होईल, पण वडिलांनी तिच्यात केलेलं सगळ्यात मोठं काम पुसलं जाईल. ते पुसावं की राखावं हे मी सांगणार नाही. पण ‘वडिलांची आठवण’ आणि ‘मूळ अवस्था’ या दोन गोष्टी पत्रात तुम्ही एकच धरून चालला आहात, आणि तुमच्या बाबतीत त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेला ओढतात.

कायदाही इथेच आडवा येतो. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली, खासगी वापराची, मूळ रूपात राखलेली आणि चासी (खालचा लोखंडी सांगाडा), बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नवी नोंदणी घेतली तर नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, पण आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नूतनीकरणाला 5,000. गाडी बसते की नाही, हे राज्याची समिती ठरवते. एक अट मात्र लोक वाचतच नाहीत: अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती बाहेर पडू शकते. म्हणजे व्हिंटेजचा मान हवा असेल तर कडब्यामागचं पेट्रोल इंजिन परत चढवावं लागेल आणि रविवारची शेतावरची फेरी विसरावी लागेल. डिझेल ठेवून फिरायचं असेल तर साध्या खासगी नोंदणीचंच नूतनीकरण करून घ्यायचं, आणि त्यासाठी आरसीवर ‘इंधन’ या रकान्यात काय लिहिलंय ते आजच बघा. वडिलांनी तो बदल आरटीओत नोंदवला असेल तर अर्धी लढाई जिंकलात. नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली तो विनापरवाना फेरफार ठरतो. तेव्हा आधी आरटीओत विचारा, मग इंजिनावर खर्च करा.

भावाच्या बोलण्यात एक गैरसमज आहे, तो दूर करतो. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडी आपोआप मोडीत निघते, असं महाराष्ट्रात नाही. तपासणीत ती रस्त्यायोग्य ठरली की नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते. पर्यावरण कर भरावा लागतो. दिल्ली परिसरातले निर्बंध वेगळे, ते बातम्यांत सतत येतात म्हणून सगळीकडे तसंच असेल असं वाटतं. पण भाऊ चुकीचं बोलतोय म्हणून त्याला बाजूला सारू नका, कारण त्याच्याशिवाय तुमचं पानही हलणार नाही. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 लागतो. त्यासोबत मृत्यूचा दाखला लागतो, आणि बाकीच्या वारसांची संमतीही मागतात. मुदत तीन महिन्यांची होती, ती केव्हाच उलटली. दंड भरून टाका. आईची, भावाची, बहीण असेल तर तिचीही सही आधी घ्या. त्यांचा वाटा काय ते त्याच बैठकीत मोकळेपणानं बोला. गाडी चकाचक झाल्यावर कुणीतरी मोठी किंमत बोलतो आणि तेव्हा वाट्याचा विषय निघतो, ही आपल्याकडची ठरलेली कहाणी आहे. गंजलेल्या गाडीची वाटणी सोपी असते.

आता दिवाळी.

दिवाळीच्या सुट्टीत गाडी पूर्ण खोलू नका. विनंती म्हणा, ताकीद म्हणा. घरी सुरू झालेली बहुतेक कामं खोलण्यातच मरतात. खोलणं मजेचं असतं आणि रोज काहीतरी झाल्यासारखं वाटतं. मग पाऊस येतो, मुलीचं लग्न निघतं, ऑडिट लागतं. दोन वर्षांनी दहा डबे बोल्ट आणि एक सांगाडा उरतो, आणि कुठला बोल्ट कुठला हे कुणालाच आठवत नाही. अशी गाडी भंगारवालाही पडेल भावात मागतो. म्हणून माझा क्रम उलटा आहे: आधी ती कोरड्यात आणा, मग तिला स्वतःच्या ताकदीवर दहा फूट हलवा आणि स्वतःच्या ब्रेकवर थांबवा. त्यानंतर एकेक भाग घ्या. एक बसल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही.

कोरडं म्हणजे काय, तेही सांगतो. गोठ्यातलं शेणमूत आणि त्याची वाफ हा पत्र्याचा वैरीच. गाडी तिथून हलवा. पत्र्याचं छप्पर, खाली जाड प्लास्टिक, त्यावर फळ्या, आणि चाकं उचलून चासीखाली भक्कम लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, मुलालाही हे बजावा. ताडपत्री अंगाला चिकटवून गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते आणि गंज दुप्पट वेगानं धावतो.

मग गंजाचा पंचनामा. तुम्हाला तळाच्या जाळीची भीती वाटते, पण तळ हा सगळ्यात स्वस्त भाग. भीती वाटायला हवी ती चासीची. बोथट पेचकस आणि छोटी हातोडी घ्या, आणि मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगचे) शॅकल, म्हणजे त्यांना चासीशी जोडणाऱ्या कड्या, जिथे बसतात तिथपासून पुढे सरकत ठोकत जा. खणखणीत वाजलं तर ठीक. आवाज बसका आला किंवा टोक आत गेलं तर खडूनं खूण करा. बॉडी चासीवर ज्या ठिकाणी बोल्टने टेकते ती ठिकाणं, दारांखालची सिल, चाकांच्या कमानी, वरची पन्हाळ, मागचा फाळका, पुढच्या काचेखालचा भाग, हे सगळं तपासा. चासी सरळ आहे का, हे बघायला ओळंबा पुरतो: चासीवरच्या ठरावीक बिंदूंखाली जमिनीवर खुणा करायच्या आणि दोन्ही कर्ण मोजायचे. कर्णांत ठळक फरक आला तर तिथेच थांबा आणि चासीचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा. चासी पिळलेली आणि दोन-तीन जागी कुजलेली निघाली, तर भावाचा सल्ला मला पुन्हा विचारात घ्यावा लागेल. फक्त तेव्हा भंगारवाल्याऐवजी सुटे भाग शोधणाऱ्या विलीजवाल्यांना गाडी द्या.

पत्र्याच्या बाबतीत मात्र तुमचं नशीब चांगलं आहे. 1946 मध्ये अमेरिकेत ही वॅगन निघाली तेव्हा विलीजकडे मोटारीच्या बॉडीसाठी लागणारी खोल दाबाची सोय नव्हती. म्हणून ब्रूक्स स्टीव्हन्स या आरेखकानं तिचे भाग उथळ दाबात निघतील असे आखले. फोर व्हील ड्राइव्ह तिला 1949 पासून मिळू लागला, आणि त्याच वर्षी इकडे माझगावात महिंद्राची विलीज जीपची जुळणी सुरू झाली. त्या अडचणीचा फायदा आज तुम्हाला होतो: पत्रा बराचसा सपाट, वळणं साधी, काचाही बहुतेक सपाट. गोल पोटाच्या अ‍ॅम्बेसेडरचा मडगार्ड घरी घडवायला उस्ताद लागतो. या गाडीच्या तळाचा तुकडा साध्या फोल्डिंग मशीनवर वाकवून मिळतो. तळाला 16 गेज, बाकी अंगाला 18 गेज पत्रा मागा.

गंज काढायला ग्राइंडरवरचा वायर ब्रश आहेच, पण डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला चांगला मास्क हवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंग कोरडा घासू नका, ग्राइंडर न लावता पाणी मारून हातानं घासा. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ड्रम उघडल्यावर हवा मारून धूळ उडवायची मेकॅनिकांची सवय तुम्ही उचलू नका, ओल्या फडक्यानं पुसा. बॉनेट आणि छप्पर सँडब्लास्टिंगला देऊ नका. मोठा सपाट पत्रा वाळूच्या माऱ्यानं ताणून लहरी मारतो आणि मग आयुष्यभर पुट्टी भरत बसावं लागतं.

लहान लोखंडी भागांसाठी, म्हणजे बिजागऱ्या, ब्रॅकेट, पेडल यांच्यासाठी, तुमच्या भागातला हुकमी उपाय सांगतो: काकवी. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या पिंपात दोन-तीन आठवडे. गंज सुटतो, निरोगी लोखंड जवळपास तसंच राहतं. कारखान्याच्या मळीच्या मागे लागू नका, तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं. गुऱ्हाळावरची काकवी बास. कार्ब्युरेटरसारखे अ‍ॅल्युमिनियमचे किंवा जस्ताच्या ओतकामाचे भाग त्यात चुकूनही टाकू नका, ते खाल्ले जातात. जिकडून घरावर वारा येतो त्या बाजूला पिंप ठेवू नका. वास असा सुटतो की पत्नीची जी काही संमती मिळालीय तीही जाईल. उघडं पडलेलं लोखंड त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली गेलं पाहिजे. कोयनेच्या पट्ट्यातल्या हवेत एका रात्रीत त्यावर पिवळट साय धरते.

वेल्डिंग शिकायची हौस असेल तर टाकाऊ पत्र्यावर शिका. चासीचं आणि सिलचं वेल्डिंग सीओटू वेल्डिंग करणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. तो आला की तुम्ही दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी पाइप ठोकून घेतली का? नाहीतर बॉडी बसते आणि दार पुन्हा लागत नाही. आणि टाका एका ओळीत ओढण्याऐवजी इकडे एक, तिकडे एक असा मारतोय का? सलग ओढला की पत्रा आक्रसतो.

इंजिनाचं. डिझेल आधी चालू करून बघा, ते चढवलेलंच आहे. बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारू नका आणि ट्रॅक्टरला बांधून ओढूनही नको. ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिनाला आतून ऊब देणारे) काढून सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग क्रँकच्या बोल्टला पान्हा लावून हातानं फिरवा. जुनं डिझेल काढा, फिल्टर बदला, पाइपांतली हवा काढा. बरीच वर्षं उभ्या असलेल्या डिझेल पंपात रॅक, म्हणजे डिझेल किती सोडायचं ते ठरवणारी दांडी, अडकलेली असू शकते आणि सुरू होताच इंजिन बेफाम पळू शकतं; म्हणून पहिल्यांदा सुरू करताना हवेच्या तोंडावर दाबायला एक सपाट फळी घेऊन मुलाला उभं करा. हात नाही, फळी. पेट्रोल इंजिनाचाही प्लग काढून तेल सोडून ठेवा. ते वापरा न वापरा, पण विकू नका. पुढे कुणाला व्हिंटेजच्या वाटेनं जायचं झालं तर त्याच्यावाचून जाता येणार नाही.

ब्रेकवर पैसे वाचवू नका. या गाडीला चारी चाकांना ड्रम आणि एकच सर्किट. कुठेही एक नळी फुटली की चारी चाकांचा ब्रेक जातो. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, रबरी होज, लोखंडी नळ्या, सगळं नवं. जीपचे हे भाग पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात मिळतात. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, बुश यांसाठी लांब जायची गरज नाही, कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर तुमच्यापासून दोन तासांवर आहे. हँडब्रेक मात्र चाकांना नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) मागे, शाफ्टवर आहे. गाडी चालत असताना तो जोरात ओढू नये, सगळा झटका शाफ्टवर जातो.

वहिनींच्या प्रश्नाला तुम्ही पत्रात बगल दिलीत, ती मी देणार नाही. एकूण किती लागतील हे चासी ठोकल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्याकडे काम देऊ नका. पण लेखापाल आहात, तर वेगळं खातं उघडा, महिन्याला ठरावीक रक्कम टाका, आणि त्या खात्यात असेल तेवढंच काम करा. भविष्य निर्वाह निधी आणि सोसायटीचं कर्ज या गाडीसाठी वर्ज्य. गुंतवणूक म्हणून तर बघूच नका. घातलेला पैसा विकताना परत येईल हे गृहीत धरूनच बरेच लोक बुडाले. हा शौक आहे, शौकाचा खर्च म्हणूनच मांडा. तसं मांडलंत तर वहिनींनाही तो पटायची शक्यता जास्त. त्यांच्यासमोर एक मुदतही स्वतःला घालून घ्या: पुढच्या पावसाळ्याआधी गाडी स्वतः हलली आणि थांबली नाही, तर सगळ्या भागांसकट, दोन्ही इंजिनांसकट, ती एखाद्या जाणकार विलीजवाल्याला द्यायची.

राहिला मुलगा. मोठ्या टायरचा हट्ट त्याला सोडायला सांगा; त्यानं स्टिअरिंग जड होतं, पुढच्या अ‍ॅक्सलच्या सांध्यांवर ताण येतो, आणि तपासणीतही अडचण होते. पण डोंगराची हौस मोडू नका. फोर व्हील ड्राइव्हचं अख्खं काम त्याच्याकडे सोपवा: ट्रान्सफर केसचं तेल, पुढच्या नकलचे (चाकं वळतात त्या सांध्यांचे) सील, लिव्हरचे जोड. या गाडीत पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्या मधोमध, दोघांच्या वेगातला फरक सांभाळणारं डिफरन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून वळलं की सगळा गिअर ताणला जातो. ते फक्त चिखलात आणि सैल मातीत. हे त्यानं स्वतः खोलून पाहिलं की सांगावं लागणार नाही. आणि तुम्ही एकटे राहणार नाही, जे या वयात एका जड गाडीखाली झोपणाऱ्या माणसाच्या बाबतीत मला फार महत्त्वाचं वाटतं.

डिझेलच्या टाकीला भोक आहे आणि ती घरीच वेल्ड करणार, असं तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. ते करू नका. रिकामी दिसणारी टाकी आतल्या वाफेनं बॉम्बसारखी फुटते, धुतली तरी फुटते. रेडिएटर आणि टाक्यांचंच काम करणाऱ्या माणसाकडे द्या, किंवा नवीन पत्र्याची टाकी बनवून घ्या.